होम डिरेक्टरीत स्वतः बिल्ड केलेलं सॉफ्टवेअर: ~/.लोकल, ~/ऑप्ट की /यूएसआर/लोकल?

मांडवीकर (बडोदा)

नमस्कार मंडळी,

सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्यात छापलेली काही मराठी पुस्तकं आमच्या घरी आहेत, सयाजी साहित्यमालेतलीही त्यांत आहेत. पान उलटलं की कोपरा हातात येतो अशी अवस्था. म्हणून स्कॅन करून मजकूर काढायला घेतला आहे, टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) वापरून. घरचं मशीन उबुंटू २२.०४ चं. त्याच्या भांडारात टेसरॅक्ट ४.१.१ आहे आणि मला ५ पाहिजे. जुन्या छपाईत 'केलें', 'त्यांत', 'घरीं' असे अनुस्वार ओळीओळीला असतात. त्यासाठी मराठी मॉडेलला थोडं आणखी शिकवून बघायचं आहे. आवृत्ती ५ मध्ये शिकवण्याचं गणित डबलऐवजी फ्लोटमध्ये (कमी जागा घेणाऱ्या दशांश संख्यांत) होतं, त्यामुळे मेमरी आणि वेळ दोन्ही वाचतात.

सोर्स आणला, कॉन्फिगर झालं, मेक झालं. आता मेक इन्स्टॉल (तयार फाइली जागेवर बसवणं) कुठे करू ते कळत नाही. नेटवर कोणी ~/बिन म्हणतं, कोणी ~/.लोकल, कोणी ~/ऑप्ट, आणि जुन्या लेखांत सरसकट /यूएसआर/लोकल. घरच्या मशीनवर मला सुडो (रूटचा, म्हणजे ॲडमिनचा अधिकार) आहे, पण हेच कॉलेजच्या लॅबमध्येही बसवायचं आहे आणि तिथे नाही. दोन्हीकडे एकच पद्धत चालली तर फार बरं होईल.

(पत्ते आणि कमांड इथे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर अर्थातच रोमन.)

रावपुरा_रूट (बडोदा)

~/.लोकल. यात विचार करण्यासारखं फारसं नाही.

एक्सडीजीच्या बेस डिरेक्टरी स्पेसिफिकेशनमध्ये हे ठरलेलं आहे: सेटिंग ~/.कॉन्फिग मध्ये, प्रोग्रॅमचा डेटा ~/.लोकल/शेअर मध्ये, आणि वापरकर्त्याच्या चालवायच्या फाइली ~/.लोकल/बिन मध्ये. उबुंटूच्या .प्रोफाइल फाइलमध्ये ~/.लोकल/बिन पाथच्या (कमांड शोधायच्या जागांच्या यादीच्या) सुरुवातीलाच जोडायच्या ओळी आयत्या आहेत. फक्त ते फोल्डर लॉगिनच्या वेळी अस्तित्वात असेल तरच जोडलं जातं, म्हणून पहिल्यांदा बनवल्यावर एकदा लॉगआउट करून परत ये. आणि तू .बॅश_प्रोफाइल नावाची फाइल बनवली असशील तर लॉगिनला बॅश .प्रोफाइल वाचतच नाही, तेही बघून घे.

मॅन पेजसुद्धा आपोआप सापडतात. पाथमध्ये ~/.लोकल/बिन दिसलं की मॅन शेजारच्या शेअर/मॅन मध्ये डोकावतो. वेगळं काही लिहावं लागत नाही.

सराफा_रात्र (इंदूर)

रूटभाऊ, पाथपुरतं सगळं बरोबर. पण ~/.लोकल ही रिकामी जागा नाहीये हो. पायथनचा पिप --यूझर तिथेच सगळं टाकतो, डेस्कटॉपची कचरापेटी ~/.लोकल/शेअर/ट्रॅश मध्ये असते, निम्म्या अॅप्लिकेशनांचा खरा डेटा त्याच शेअरमध्ये राहतो. त्यात मेक इन्स्टॉलने आणखी फाइली ओतल्या की काही महिन्यांनी लिब मधली कुठली फाइल कोणाची, हे कोण सांगणार?

'मेक अनइन्स्टॉल आहे की' असं कोणी म्हणेल. ऑटोटूल्सवाल्या प्रकल्पांत बहुधा असतं, पण त्यासाठी तोच सोर्स, त्याच कॉन्फिगरसकट जपून ठेवावा लागतो. सीमेक तर आपणहून अनइन्स्टॉल देतच नाही. इन्स्टॉल_मॅनिफेस्ट नावाची यादी बिल्डच्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि ते फोल्डर आपण जागेसाठी पहिल्यांदा उडवतो.

मांडवीकर भिया, प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचं घर दे. ~/ऑप्ट/टेसरॅक्ट-५ असा प्रीफिक्स (बसवायच्या जागेचा मूळ पत्ता) दे, आणि ~/.लोकल/बिन मध्ये फक्त एक सिमलिंक (मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी लिंक). नको झालं की फोल्डर पुसलं, लिंक पुसली, संपलं. दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात, तो फायदा वेगळाच.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

घरचं मशीन आहे, सुडो आहे, मग /यूएसआर/लोकल ला का घाबरायचं? ती जागा याचसाठी राखलेली आहे. फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डमध्ये स्पष्ट आहे की सिस्टिमचं सॉफ्टवेअर अपडेट होताना /यूएसआर/लोकल ला धक्का लागता कामा नये. ऑटोटूल्स, सीमेक, मेसन या तिन्ही बिल्ड-साधनांचा डीफॉल्ट तोच. घरातल्या सगळ्यांच्या लॉगिनला प्रोग्रॅम मिळतो, एलडीकॉन्फिग चालवलं की लायब्रऱ्याही सापडतात.

विश्वामित्री (बडोदा)

लष्करवाले दादा, सगळ्यांना मिळतो हे खरं, आणि तीच अडचण. /यूएसआर/लोकल/लिब मधली लायब्ररी डेबियन-उबुंटूवर सिस्टिमच्या लायब्ररीच्या आधी सापडते. तिथे तुम्ही एखादी नवी लिबपीएनजी किंवा लेप्टोनिका (टेसरॅक्टला लागणारी चित्रांची लायब्ररी) त्याच सोनेमने (लायब्ररीच्या ओळखनावाने) बसवली, की भांडारातले प्रोग्रॅमही तीच उचलू लागतात. ज्यांचा टेसरॅक्टशी काही संबंध नाही असे प्रोग्रॅम पडायला लागतात आणि कारण सापडता सापडत नाही. शिवाय सुडो मेक इन्स्टॉल म्हणजे कोणीतरी लिहिलेली मेकफाइल रूटच्या अधिकाराने चालवणं. घरच्या वापराच्या प्रोग्रॅमसाठी तेवढा अधिकार द्यायची गरज नाही.

माझं काम सर्व्हर सांभाळायचं. लोकांच्या होम डिरेक्टऱ्या साफ करताना जे दिसतं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: कुठे बसवायचं हे ठरवताना आधी विचारायचं की हे काढणार कसं. चालू तर ते कुठूनही होतं, पाथमध्ये एक ओळ घातली की झालं. काढताना मात्र कोणाला काही आठवत नसतं.

सराफा काकांची ~/ऑप्ट ची रीत एकट्या प्रोग्रॅमला उत्तम आहे. पण मांडवीकरला लॅबमध्ये लेप्टोनिकाही बिल्ड करावी लागेल. लायब्रऱ्या आल्या की पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररी कुठे आहे ते बिल्डला सांगणाऱ्या साधनाला) प्रत्येकीचा पत्ता, हेडरना प्रत्येकीचा पत्ता, मॅनला प्रत्येकीचा पत्ता, अशी .बॅशआरसी (बॅशची सेटिंग फाइल) लांबत जाते. (बिन मधल्या एका सिमलिंकमुळे ~/ऑप्ट मधलं मॅन पेज सापडत नाही, हे काकांनी सांगितलं नाही.)

म्हणून दोन्ही मिळून करावं. प्रत्येकाचं घर वेगळं आणि ~/.लोकल मध्ये फक्त लिंका. लिंका हाताने करत बसू नये, ग्नू स्टो नावाचं साधन आहे. पर्लमध्ये लिहिलेलं आहे, उबुंटूत ॲप्टने मिळतं, आणि लॅबमध्ये नसेल तर होममध्येच बसवता येतं. ~/.लोकल/स्टो असं फोल्डर करायचं. त्यात टेसरॅक्ट-५, लेप्टोनिका-१.८४ अशी फोल्डरं, प्रत्येकात बिन, लिब, शेअर. मग ~/.लोकल/स्टो मध्ये उभं राहून

स्टो टेसरॅक्ट-५

म्हटलं की वरच्या फोल्डरमध्ये, म्हणजे ~/.लोकल मध्ये, सगळ्या लिंका पडतात. काढायचं तर

स्टो -डी टेसरॅक्ट-५

(कॅपिटल डी). पिपच्या फाइलींना, कचरापेटीला, कशालाच हात लागत नाही. एखाद्या जागी आधीच दुसऱ्या कोणाची फाइल असेल तर स्टो भांडण दाखवतो आणि काहीही न बदलता थांबतो. हा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आधी -एन -व्ही लावून नुसतं काय होईल ते बघता येतं.

आणि आता लगेच बिल्डच्या आधी ठरव, कारण प्रीफिक्स प्रोग्रॅमच्या पोटात जातो. टेसरॅक्ट आपला भाषांचा डेटा प्रीफिक्सच्या आतल्या शेअर/टेसडेटा मध्ये शोधतो. बिल्ड एका पत्त्यावर केलं आणि फोल्डर नंतर उचलून दुसरीकडे नेलं, तर प्रोग्रॅम सुरू होईल पण 'मार' (मराठीचा संकेत) भाषा सापडत नाही म्हणेल. झालेला मेक वाया जाईल, पण मेक क्लीन करून ./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/.लोकल असं पुन्हा कर.

मांडवीकर

ताई, खूप आभार. इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. स्टोच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तसं केलं: कॉन्फिगरला ~/.लोकल प्रीफिक्स दिला, आणि मेक इन्स्टॉलच्या वेळी प्रीफिक्स बदलून ~/.लोकल/स्टो/टेसरॅक्ट-५ दिला. लिबटूल (लायब्रऱ्या बांधणारं साधन) अडला. म्हणतो, ही लायब्ररी ~/.लोकल/लिब ने न संपणाऱ्या डिरेक्टरीत बसवता येत नाही.

विश्वामित्री

हो, लिबटूल असलेल्या प्रकल्पांत ही रीत अडते. तिथे डेस्टडिर वापरायचं. प्रीफिक्स तोच राहतो, फक्त सगळी मांडणी तात्पुरत्या मुळाखाली उतरते:

मेक इन्स्टॉल डेस्टडिर=$होम/तात्पुरतं

आता ~/तात्पुरतं च्या आत होम, त्याच्या आत तुझं लॉगिननाव, त्यात .लोकल, अशी पूर्ण वाट तयार झालेली दिसेल. सगळ्यात आतलं ते .लोकल उचल आणि ~/.लोकल/स्टो/टेसरॅक्ट-५ या नावाने ठेव. मग स्टो चालव. पोटातला पत्ता ~/.लोकल च आहे, फाइली तिथे लिंकांमधून दिसतातच, त्यामुळे काही बिघडत नाही. डिस्ट्रोवाले (उबुंटूसारखी लिनक्स वितरणं बनवणारे) पॅकेज बनवताना हेच करतात, म्हणून डेस्टडिर जवळजवळ सगळीकडे नीट चालतं. सीमेक आणि मेसनही ते मानतात.

रावपुरा_रूट

ताई, पटलं. मी थेट ~/.लोकल मध्ये ओतत आलो आहे, आता हळूहळू स्टोकडे नेतो.

एक गोष्ट मात्र मांडवीकरला स्टो चालवण्याआधीच सांगायला हवी. स्टो शक्य तिथे अख्ख्या फोल्डरचीच एक लिंक करतो. ~/.लोकल/शेअर मध्ये टेसडेटा नावाचं काही नसेल, तर ~/.लोकल/शेअर/टेसडेटा ही सरळ टेसरॅक्ट-५ च्या आतल्या फोल्डरची लिंक होईल. तू त्यात मराठीची मार.ट्रेन्डडेटा टाकलीस की ती प्रत्यक्षात टेसरॅक्ट-५ च्या पोटात जाऊन बसेल. पुढच्या आवृत्तीला जुनं फोल्डर पुसशील तेव्हा तुझं शिकवलेलं मॉडेलही त्याबरोबर जाईल. इतक्या मेहनतीचं मॉडेल असं जायला नको.

उपाय सोपा: आधी एमकेडिर -पी ने ~/.लोकल/शेअर/टेसडेटा हे खरं फोल्डर बनव, मग स्टो चालव. आता स्टो त्याच्या आत कॉन्फिग्स, पीडीएफ.टीटीएफ वगैरेंच्या वेगळ्या लिंका करेल आणि तुझी ट्रेन्डडेटा खरी फाइल म्हणून शेजारी राहील. किंवा सरळ --नो-फोल्डिंग लाव.

सराफा_रात्र

मग डेटा पूर्ण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून टेसडेटा_प्रीफिक्स हे चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) दिलेलं काय वाईट?

रावपुरा_रूट

चालतं, पण त्या फोल्डरमध्ये कॉन्फिग्स आणि पीडीएफ.टीटीएफ नसतात. टेसरॅक्टला 'पीडीएफ' असा आउटपुट मागितला की तो त्या नावाची कॉन्फिग फाइल टेसडेटामध्येच शोधतो, आणि मिळत नाही म्हणतो. त्या फाइली मग तिथेही आणाव्या लागतात. आणखी एक: आवृत्ती ३ पर्यंत हे चल टेसडेटाच्या वरच्या फोल्डरकडे दाखवायचं, ४ पासून खुद्द टेसडेटाकडे. नेटवरचे निम्मे सल्ले जुन्या काळातले आहेत. डीफॉल्ट जागीच ठेवलं तर हा प्रश्नच येत नाही.

मांडवीकर, शिकवायला सुरुवात टेसडेटा_बेस्ट मधल्या मराठी मॉडेलपासून कर. टेसडेटा_फास्ट मधली मॉडेलं पूर्णांकांत आवळलेली असतात, त्यांच्यावर पुढे शिकवणं होत नाही.

मांडवीकर

घरचं झालं! --लिस्ट-लँग्ज केलं तर ~/.लोकल/शेअर/टेसडेटा दाखवतो आणि खाली मार. फक्त एकदा जुनाच ४.१.१ चालला, नवीन टर्मिनल उघडल्यावर नवा आला.

विश्वामित्री

बॅश एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवतो. हॅश -आर केलं की विसरतो. कुठला टेसरॅक्ट चालतोय ही शंका आली तर टाइप -ए टेसरॅक्ट कर, पाथमधले सगळे क्रमाने दिसतात.

मांडवीकर

आता लॅब. तिथे लेप्टोनिकाची लायब्ररी आहे पण हेडर (बिल्डला लागणाऱ्या .एच फाइली) नाहीत, त्यामुळे कॉन्फिगर पुढे सरकत नाही. ॲडमिनला सांगून डेव्ह पॅकेज टाकून घेऊ का, की स्वतः बिल्ड करू? आणि .बॅशआरसीत एलडी_लायब्ररी_पाथ घालावा का?

विश्वामित्री

आधी विनंती करून बघ. डिस्ट्रोची लेप्टोनिका १.७४ च्या पुढची असेल तर टेसरॅक्ट ५ ला पुरते. जे डिस्ट्रोचं चालतं ते डिस्ट्रोचंच घ्यावं, त्याचे सुरक्षेचे अपडेट दुसरं कोणीतरी करत असतं. स्वतः बिल्ड केलेल्या प्रत्येक लायब्ररीचं ते काम तुझ्यावर येतं. घरी म्हणूनच ॲप्टमधली डेव्ह लेप्टोनिका पुरली.

नाहीच मिळालं तर लेप्टोनिका याच रीतीने आधी बिल्ड कर, स्टो कर. मग ~/.लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग मध्ये लेप्ट.पीसी दिसेल. टेसरॅक्टच्या कॉन्फिगरला पीकेजी_कॉन्फिग_पाथ मध्ये तो पत्ता दे, बाकी तो शोधेल.

आता एलडी_लायब्ररी_पाथ. कृपा करून .बॅशआरसीत घालू नकोस. ते चल त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागू होतं. संपादक, ब्राउझर, गिट, सगळे आधी तुझ्या ~/.लोकल/लिब मध्ये बघणार. मी वर /यूएसआर/लोकल/लिब बद्दल जे सांगितलं तेच संकट तू स्वतःच्या खात्यात ओढवून घेशील. लॅबमध्ये 'माझ्याच लॉगिनला प्रोग्रॅम उघडत नाही' म्हणून मुलं येतात, तेव्हा मी सगळ्यात आधी हे चल बघते.

त्याऐवजी लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅममध्येच कोरायचा, आरपाथ म्हणतात तो. लिबटूल हे बहुतेक वेळा आपणहून करतो. तुझा टेसरॅक्ट घरी एलडी_लायब्ररी_पाथशिवाय चालला तो त्यामुळेच. सीमेक मात्र इन्स्टॉलच्या वेळी बिल्डमधला आरपाथ काढून टाकतो, तिथे सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ स्वतः द्यावा लागतो. हाताने द्यायचा तर लिंकरला -डब्ल्यूएल,-आरपाथ,$होम/.लोकल/लिब. शेवटी एलडीडी चालवून बघ: लेप्टोनिकासमोर तुझ्या होममधला पत्ता आला पाहिजे.

लष्करवाला

मेसनवाल्या प्रकल्पांत अजून एक बघ. डेबियन-उबुंटूवर मेसन लायब्ररी लिब मध्ये न ठेवता लिब/एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू मध्ये ठेवतो. पीसी फाइलही तिथेच. पीकेजी_कॉन्फिग_पाथ मध्ये तो पत्ता नसेल तर 'बसवलं तरी सापडत नाही' असं होतं. --लिबडिर=लिब दिलं की सरळ होतं.

आणि लॅबमधल्या सगळ्या मशीनवर होम एकच, एनएफएसवरचं (नेटवर्कवरून येणारं), असेल तर सगळ्यात जुन्या डिस्ट्रोच्या मशीनवर बिल्ड कर. नव्या जीलिबसीवर (सिस्टिमच्या मूळ सी लायब्ररीवर) बांधलेला प्रोग्रॅम जुन्या मशीनवर 'जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही' म्हणून उघडतच नाही. उलट दिशेने सहसा चालतं. कंपायलरला -मार्च=नेटिव्ह ही देऊ नकोस, जुन्या प्रोसेसरवर 'इलिगल इन्स्ट्रक्शन' येईल.

दांडिया_बाजार (बडोदा)

वाचनखूण म्हणून येतोय. कोंडा (पॅकेज मॅनेजर), डिस्ट्रोबॉक्स (कंटेनरमध्ये वेगळी डिस्ट्रो) यांचा विचार केला का कोणी?

विश्वामित्री

कोंडा होममध्येच बसतं, सुडो लागत नाही, आणि कोंडा-फोर्जवर टेसरॅक्ट ५ आहे. फक्त वापरायचा असेल तर तो रस्ता मीही सुचवेन. मांडवीकरला सोर्समध्ये हात घालायचा आहे, म्हणून इथे बिल्ड. कंटेनर लॅबमध्ये ॲडमिनने सुरू करून ठेवला असेल तरच.

मांडवीकर

लॅबमध्येही झालं! लेप्टोनिका स्वतःच बिल्ड केली, सगळ्यात जुन्या मशीनवर. एलडीडी बरोबर दाखवतो. एक शेवटची शंका: नवी आवृत्ती आली तर जुनी आधी काढायची की वरून बसवायची?

विश्वामित्री

वरून कधीच नाही. नवी डेस्टडिरमधून वेगळ्या नावाने स्टो मध्ये ठेव, मग स्टो -डी जुनी, स्टो नवी. दोन्हींच्या लिंका एकाच नावाच्या असल्यामुळे जुनी न काढता नवी लावायला गेलास तर स्टो भांडण दाखवून थांबेल. नवी एकदोन पुस्तकांवर चालवून बघ, बिघडली तर क्रम उलटा कर, क्षणात जुनी परत. खात्री झाल्यावरच जुनं फोल्डर पूस. आणि आता ~/.लोकल मध्ये थेट मेक इन्स्टॉल कधीही करू नकोस. तिथली काही फोल्डरं लिंका आहेत, नव्या फाइली भलत्याच पॅकेजच्या घरात जाऊन पडतील.

प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरशेजारी एका साध्या मजकुराच्या फाइलीत कॉन्फिगरची पूर्ण ओळ आणि गिटचा कमिट लिहून ठेव. बॅकअपला स्टो फोल्डर घेतलं नाहीस तरी ती फाइल आणि तुझी ट्रेन्डडेटा घेच.

सराफा_रात्र

मांडवीकर, शिकवलेलं मॉडेल जमलं की इथे टाक रे. इंदूरला होळकरी काळातली छापील पुस्तकं आमच्याकडेही आहेत, तेच अनुस्वार. मी माझ्या ~/ऑप्ट मधून चालवून निकाल कळवतो.

मांडवीकर

नक्की काका. आधी स्कॅनची पानं ३०० डीपीआयला पुन्हा काढतोय, पहिली फार बारीक आली होती. पानं आणि टाइप केलेला मजकूर यांच्या जोड्या तयार झाल्या की वेगळा धागा काढतो, कारण तिथे तपासायला बरेच डोळे लागतील.